मुलाखतीला जाताना जयंतीच्या हिशेबाची वही आठवा

बी.कॉम.चा निकाल लागला की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून प्रश्न सुरू होतो, "आता पुढे काय?" कोणी बँकेची परीक्षा सुचवतो, कोणी रेल्वेची. हिशेब तपासणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे नाव मात्र आपल्या वस्तीत क्वचितच निघते. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार कंपन्यांना 'बिग फोर' म्हणतात. मोठमोठ्या उद्योगांचे हिशेब तपासणे, करविषयक कामे पाहणे आणि सल्ला देणे हे त्यांचे काम. मुंबई, पुणे, बंगळूर, हैदराबाद, गुरुग्राम येथे त्यांची मोठी कार्यालये आहेत. "तिथे आपल्याला कोण घेणार?" असे म्हणून आपली होतकरू मुले अर्जच करीत नाहीत. खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही, वशिला आपल्याकडे नाही. मग उरते ती तयारी. आणि ती करता येते.

माझी फजिती

2002 साली मी बी.कॉम. झालो आणि फोर्टमधल्या एका हिशेब तपासनीस कंपनीत मुलाखतीला गेलो. मित्राचा शर्ट, काकांचे बूट. पहिलाच प्रश्न आला, "वडील काय करतात?" माझे वडील मस्जिद बंदरला हातगाडी ओढत. मी म्हणालो, "बिझनेस." लगेच पुढचा प्रश्न, "कसला?" माझी बोबडी वळली.

नंतर त्यांनी विचारले, "कॉलेजबाहेर कधी हिशेबाचे काम केले आहे का?" मी म्हणालो, "नाही." वास्तविक सलग तीन वर्षे आमच्या वस्तीच्या जयंती कमिटीची हिशेबाची वही मीच लिहीत होतो. वर्गणीची पावती पुस्तके, मंडपवाल्याचे बिल, भोजनदानाचा खर्च, सारे माझ्याकडे होते. पण जयंतीचा हिशेब त्या गारेगार खोलीत सांगण्यासारखा आहे, असे मला वाटलेच नाही. नोकरी मिळाली नाही. आज लिपिक म्हणून काम करताना आणि संध्याकाळी समाजमंदिरात मुलांची मुलाखतीची तयारी करून घेताना ती खोली मला आठवते. वडिलांचे काम लपवले ही पहिली चूक आणि स्वतःचे काम लपवले ही दुसरी.

आत जाण्याचे दोन दरवाजे

पहिला दरवाजा सी.ए.चा. 1949 च्या कायद्याने स्थापन झालेली सनदी लेखापालांची संस्था ही परीक्षा घेते. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण असतील तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नाव नोंदवता येते. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर आणि संगणकाचे व इतर अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतल्यावर आर्टिकलशिप सुरू होते. ती पूर्वी तीन वर्षांची होती. 2023 च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली आहे. या काळात विद्यावेतन मिळते. मोठ्या कंपन्या आर्टिकलच्या मुलांनाही मुलाखत घेऊनच निवडतात.

दुसरा दरवाजा साध्या पदवीधरांचा. बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना हिशेब तपासणीच्या साहाय्यक कामासाठी घेतले जाते. कंपनीच्या हिशेबावर अंतिम सही सनदी लेखापालाचीच लागते, पण त्या सहीखालचे कागद तपासायला पुष्कळ हात लागतात.

साधारणपणे आधी अर्ज पाहतात, मग गणित, तर्क आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मग विषयाची मुलाखत आणि शेवटी वरिष्ठांची भेट. कुठे गटचर्चाही असते.

विचारतात काय?

पाठांतर करून जाणारी मुले येथेच अडकतात. प्रश्न सोपा असतो, पण 'का?' विचारतात. उदाहरणार्थ, "घसाऱ्याचा हिशेबावर काय परिणाम होतो?" व्याख्या म्हणून दाखवू नका, आकडे घेऊन सांगा. पाच लाखांचे यंत्र, घसारा दहा टक्के. म्हणजे नफा पन्नास हजारांनी कमी झाला, ताळेबंदात यंत्राची किंमत साडेचार लाख राहिली आणि रोकड? कर बाजूला ठेवला तर रोकड एक रुपयानेही हलली नाही, कारण घसारा कोणाला द्यावा लागत नाही. एवढे सांगता आले तर समोरचा समजून जातो की मुलाला विषय कळला आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर का?" नाही. नोंद मुळीच केली नसेल तरी तो जुळतो. दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला तरी जुळतो. याशिवाय बँक जुळवणी पत्रक, राखीव निधी आणि तरतूद यांतील फरक, टीडीएस आणि 1 जुलै 2017 पासून लागू झालेला जीएसटी एवढे पक्के हवे. संगणकावर एक्सेलमधील व्हीलुकअप आणि पिव्हट टेबल हाताने करून पाहिलेले असावे.

प्रामाणिकपणाची परीक्षाही घेतात. "वरिष्ठ म्हणाले, न तपासता सही कर, तर काय कराल?" येथे सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण माहीत हवे. 7 जानेवारी 2009 रोजी त्या कंपनीच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबुली दिली की पुस्तकात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक शिल्लक प्रत्यक्षात नव्हतीच. म्हणून बँकेतील शिल्लक कंपनीच्या तोंडून ऐकायची नसते. बँकेचे पत्र तपासनिसाने थेट बँकेकडून मागवायचे असते.

वस्तीतला हिशेब तोच हिशेब

आता जयंतीच्या वहीकडे पाहा. पावती पुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का, सगळी पुस्तके परत आली का, हे आपण पाहतो. म्हणजे सर्व जमा नोंदली गेली की नाही हे तपासतो. प्रत्येक खर्चाला बिल आणि सही मागतो, म्हणजे खर्च खरा आहे याची खात्री करतो. शेवटी पेटीतली रोकड चारजणांसमोर मोजतो. मंडपवाल्याचे राहिलेले पैसे 'देणे' म्हणून लिहितो. मोठ्या कंपनीत काम हेच, फक्त शून्ये जास्त.

आमच्या समाजमंदिरातील एका मुलीची आई बचत गटात आहे. गटाची वही ही मुलगी लिहायची. मुलाखतीत तिला विचारले, "कधी चूक शोधून काढली आहे का?" ती म्हणाली, "हो. एकीचा तीनशे रुपयांचा हप्ता दुसरीच्या नावावर चढला होता. एकूण बेरीज जुळत होती, तरी दोघींची खाती चुकली होती. मी प्रत्येकीचे पासबुक मागवून वहीशी पडताळले." इंग्रजी अडखळत होते, पण समोरचे लोक वही मिटवून ऐकू लागले. तिची निवड झाली. आईच्या कामाबद्दल विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले, "ती चार घरी धुणीभांडी करते."

अशा प्रश्नाला उत्तर देताना चार पायऱ्या ठेवाव्यात. प्रसंग काय होता, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केले आणि त्यातून काय निघाले. 'आम्ही केले' नको, 'मी केले' म्हणा.

इंग्रजी आणि अडलेली उत्तरे

इंग्रजी फाडफाड नसले तरी चालते, पण आपले म्हणणे समोरच्याला कळले पाहिजे. वाक्ये लहान ठेवा. रोज दहा मिनिटे आरशासमोर मोठ्याने स्वतःची ओळख, एक हिशेबाचा प्रश्न आणि एक अनुभव बोला. येत नसेल तेथे "मला माहीत नाही, पण मी अमुक ठिकाणी पाहून शोधेन" असे सांगा. थाप मारणारा माणूस हिशेब तपासायला कोण ठेवील? शेवटी "काही विचारायचे आहे का?" म्हटल्यावर गप्प बसू नका. पहिल्या सहा महिन्यांत नव्या मुलांना कोणते काम देतात, हे जरूर विचारा.

आई-वडिलांनी काय करावे?

हल्ली बऱ्याच मुलाखती संगणकाच्या पडद्यावर होतात. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, कुकरची शिटी आणि शेजारचा स्पीकर. त्या दिवशी तासभर खोली मोकळी करून द्या, नाहीतर विहाराची खोली मागून घ्या. सुटाची गरज नाही. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट किंवा साधा पंजाबी ड्रेस पुरे. मुलीच्या मुलाखतीच्या दिवशी पाहुणे बोलावू नका. आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर ती फसवणूक समजा, मग तो कितीही मोठ्या कंपनीचे नाव घेवो.

विहारात किंवा समाजमंदिरात रविवारी दोन तास लुटुपुटूची मुलाखत घेता येते. नोकरीतले तिघे टेबलामागे बसतील, मुले एकेक करून समोर येतील. पहिल्यांदा घाम फुटेल, चौथ्यांदा आवाज बसत नाही.

माझे वडील आता नाहीत. त्यांची हातगाडी भाड्याची होती. रोज रात्री ते भाडे, चहा आणि घरखर्च वेगळा करून कमाईच्या तीन पुड्या बांधत. हिशेबाचा पहिला धडा मला त्यांनीच दिला होता. त्या मुलाखतीत एवढे जरी सांगितले असते तरी पुरे होते. मला जमले नाही, तुम्ही सांगा.