शिवी, छळ आणि धसका
(इंग्रजीचा उंबरठा : लेखांक १९)

‘ब्रेक’ या क्रियापदाच्या गोतावळ्याची ओळख या आठवड्यात करून देण्याचे मी कबूल केले होते व त्याची टिपणेही सिद्ध होती. परंतु मंगळवारच्या टपालाने आलेल्या एका पत्रामुळे ती पुन्हा कपाटात गेली आहेत. पत्र आपल्या भिवंडीतलेच, धामणकर नाक्यापलीकडचे, वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेले. पत्रलेखिकेची मावसबहीण लग्न होऊन इंग्लंडात नांदते. पाठीच्या दुखण्यासाठी ती तेथील डॉक्टरीणबाईंकडे गेली असता बोलता बोलता ‘माय हजबंड अब्यूझेस मी डेली’ असे वाक्य तिच्या तोंडून गेले. बाईंनी लेखणी खाली ठेवली, उठून दार लावून घेतले, खुर्ची जवळ ओढली आणि हलक्या आवाजात विचारले, की आज घरी परतणे तुम्हांला सुरक्षित वाटते ना? ती बिचारी गांगरली. नवरा उठताबसता शिव्या देतो, एवढेच तिला सांगावयाचे होते. ‘मास्तर, तिचे इंग्रजी चुकले का?’ असा पत्रलेखिकेचा सवाल आहे.

नाशिक रस्त्यावरच्या कोणत्याही गोदामात ‘सुपरवायझरने मला अब्यूज केले’ असे कोणी म्हटले, तर ऐकणारा त्याचा अर्थ शिवी घातली असाच घेतो. हा अर्थ आपण पदरचा घातलेला नव्हे. शिवराळ भाषा या अर्थी तो शब्द इंग्रजीत आजही नांदतो आहे. मात्र नवरा-बायकोच्या संदर्भात तो उच्चारला, की इंग्रज श्रोत्याच्या डोळ्यांपुढे मारहाण, बळजबरी, वर्षानुवर्षांची दहशत असे सगळे एकदम उभे राहते. (नाम असता शेवटी ‘स’, क्रियापद असता ‘झ’, हा उच्चारभेद नियमित वाचकांच्या स्मरणात असेलच.) याच्या उलट गत ‘टॉर्चर’ची. आपल्याकडे तक्रारअर्जात ‘मेंटल टॉर्चर’ हे शब्द जणू छापील नमुन्यातलेच असतात. सासू टोमणे मारते तेही टॉर्चर आणि शेजारचा रेडिओ मोठ्याने लावतो तेही टॉर्चर. तिकडे त्या शब्दासरशी अंधारकोठडी आणि कबुलीजबाब काढणारा अंमलदार आठवतो. म्हणजे जेथे त्यांचा ‘अब्यूज’ हवा तेथे आपण ‘टॉर्चर’ घालतो, आणि ‘अब्यूज’ला मात्र शिवीच्या भावाने विकतो.

येथे एक आडवाट घेतल्यावाचून मला राहवत नाही. संस्कृतात छल म्हणजे कपट. मराठीत येऊन त्याचा छळ झाला आणि अर्थ यातनेकडे वळला. परंतु मूळचे कपट त्याच्या पोटात आहेच. इंग्रजीला या दोहोंची सांगड घालावयास थेट नाटकाचा आश्रय घ्यावा लागला. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात नवरा चोरून वरच्या मजल्यावर दिवे लावून दडवलेली रत्ने शोधीत असतो. त्यामुळे खाली बायकोच्या खोलीतील गॅसची ज्योत मंद होते, आणि तिने ते बोलून दाखविले की तुझ्या डोक्यात बिघाड आहे असे तोच तिला पटवू पाहतो. १९४४ च्या चित्रपटात इंग्रिड बर्गमनने ही भूमिका केली व तिला ऑस्कर मिळाले. त्यावरून निघालेले ‘गॅसलायटिंग’ हे नाम मेरियम-वेबस्टर कोशाने २०२२ चा शब्द म्हणून निवडले. माझा एक विद्यार्थी त्याचे भाषांतर ‘गॅसबत्ती लावणे’ असे करून मोकळा झाला होता. मी त्याला ‘छळ’ लिहावयास सांगितले. आजही तेच सांगेन.

‘ट्रॉमा’चे भाषांतर सर्रास ‘आघात’ असे करतात. हमरस्त्यावरच्या ‘ट्रॉमा केअर सेंटर’च्या पाट्यांमुळे तो शब्द अपघाताचाच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम. आघात क्षणात होऊन जातो, जखम मागे राहते. म्हणून मनाच्या बाबतीत मला आपल्या आयाबायांचा ‘धसका’ अधिक जवळचा वाटतो. जिन्यात पाऊल वाजले की जिच्या हातातले भांडे थरथरते, तिने धसका घेतला आहे असे त्या म्हणतात, आणि पाऊल वाजवणारा माणूस जाऊन दहा वर्षे झाली असली तरी म्हणतात.

दुःखाला कायद्यात नाव नसले म्हणजे काय होते, हे रखमाबाईंच्या खटल्यात दिसते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, पण पतीच्या घरी कधीच न नांदलेल्या या बाईवर १८८४ साली दावा लागला तो वैवाहिक हक्कांच्या ‘रेस्टिट्यूशन’चा, म्हणजे पुनःस्थापनेचा. जे कधी स्थापनच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी व्हावी, असा रोकडा विचार करून न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली दावा फेटाळला. तो निकाल अपिलात फिरला आणि १८८७ साली, नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखविली. खटला चालू असता ‘ए हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी पत्रे लिहिली, तीही इंग्रजीतच. पतीच्या हक्काला कायद्यात भारदस्त नाव होते. पत्नीच्या हालांसाठी मात्र त्यांना वृत्तपत्राचा रकाना गाठावा लागला.

आता मूळ सवाल. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आपला २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात अपमान, हेटाळणी, अपशब्द, मूल किंवा मुलगा नाही म्हणून मारलेले टोमणे, हे सारे शाब्दिक व भावनिक ‘अब्यूज’ म्हणून नमूद आहे. तेव्हा बहिणीचे इंग्रजी चुकले नाही; आपल्या शब्दाचे वजन तिला ठाऊक नव्हते, इतकेच. नेमके सांगावयाचे असेल तर ‘ही स्वेअर्स ॲट मी’ म्हणावे. ‘ही कॉल्स मी नेम्स’ म्हणजे अपशब्द वापरतो. त्याचा आपल्या नावे ठेवण्याशी गोंधळ करू नये. ‘ही पुट्स मी डाउन’ म्हणजे घालूनपाडून बोलतो. भीती वाटत असल्यास ‘आय ॲम अफ्रेड ऑफ हिम’ असे पुरे म्हणावे. ‘ऑफ हिम’ गाळून ‘आय ॲम अफ्रेड ही शाउट्स’ म्हटले, तर ‘खेदाने सांगते, की तो ओरडतो’ एवढाच सौजन्याचा अर्थ निघतो आणि भीती जागच्या जागी विरून जाते.

बहिणीची पाठ कशाने दुखते, हे मात्र पत्रात कोठेच लिहिलेले नाही. उलट टपाली मी तेवढेच विचारले आहे. ‘ब्रेक’चे पाहू पुढच्या आठवड्यात, उत्तर तोवर आले, तर त्याच्याही पुढच्या.