मागून बसलेली धडक आणि क्लेमचा हिशेब

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर मागची गाडी हळूच आदळते, बंपर चेपतो, कोणाला लागत नाही. रस्त्यावर वाद होतो तो चूक कोणाची यावर. नुकसान मात्र पुष्कळदा ज्याची चूक नाही त्याच्याच विम्यातून भरून निघते, कारण आपल्याकडची व्यवस्थाच तशी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि खासगी कारच्या अशा पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते. पण विमा कंपनी ते देत नसेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार ठोठावावे लागते. दहा हजारांच्या बंपरसाठी वकील, कागदपत्रे आणि तारखा कोण सोसणार? मग माणूस स्वतःच्या पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ क्लेम करतो. माझे म्हणणे असे की, ही सवय अनेकदा आतबट्ट्याची ठरते.

आकडेच पाहू. समजा, बिल दहा हजारांचे आहे : बंपर पाच हजार, रंगकाम चार हजार, मजुरी एक हजार. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे अडीच हजार गेले. रंगकामाच्या बिलातला पाव भाग साहित्याचा धरून त्याची निम्मी रक्कम वगळतात, म्हणजे आणखी पाचशे. १५०० सीसीपर्यंतच्या कारला एक हजाराची सक्तीची वजावट असते. हातात पडतात सहा हजार. आता दुसरी बाजू. सलग पाच वर्षे क्लेम न केल्यास ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एका क्लेमने तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या नव्याने चढाव्या लागतात. बोनसआधीचा हा प्रीमियम दरवर्षी दहा हजार धरला, तर पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचेपर्यंत एकूण साडेबारा हजार जादा भरावे लागतात. गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियम थोडा घटेल, तरी सौदा तोट्याचाच राहतो.

घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ कलम असेल तर, असे कोणी विचारील. तेव्हाही या उदाहरणात नऊच हजार मिळतात. बोनस शाबूत ठेवणारे जादा कलम पॉलिसीत असेल, तर मात्र उत्तर बदलते. बंपरमागची पत्र्याची चौकट किंवा डिकीचा तळ वाकला असेल तरीही बदलते, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून निर्णय रस्त्यावर घेऊ नये. दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे आणि जागेचे फोटो काढावेत, समोरच्याच्या पॉलिसीचा तपशील घ्यावा, कंपनीला लगेच कळवावे आणि गॅरेजमधून एस्टिमेट घ्यावे. क्लेम करण्याची शक्यता असेल, तर कंपनीची पाहणी होण्याआधी दुरुस्ती सुरू करू नये.

मागच्याची चूक असताना आपण का सोसायचे, हा आक्षेप न्याय्य आहे. त्याने भरपाई देऊ केली तर जरूर घ्यावी, पण दोघांच्या सह्यांच्या चिठ्ठीवर. आणि त्याच नुकसानीसाठी पुन्हा क्लेम करू नये. दोष नेहमी मागच्याचाच असतो हेही गृहीत धरू नये. सुरक्षित अंतर ठेवणे ही मागच्याची जबाबदारी खरी, पण कोइम्बतूरजवळच्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, महामार्गावर इशारा न देता अचानक थांबलेल्या पुढच्या कारच्या चालकावर ५० टक्के जबाबदारी टाकली. मागून आदळलेल्या मोटारसायकलस्वाराचा वाटा २० टक्केच धरला.

कोणाला दुखापत झाली असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून आधी उपचार आणि पोलिसांना खबर. कायद्याच्या कलम १३४ नुसार ते चालकाचे कर्तव्यच आहे. आणि विमा नियामकाकडे मागणी एकच : किरकोळ नुकसानीची भरपाई चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून न्यायाधिकरणाविना, ठरावीक मुदतीत मिळण्याची सोपी वाट करून द्यावी.