कावळाही टाका की यादीत!

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल जरूर चाळा. ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी, त्यांचा हिशेब मांडणाऱ्या १३ संस्था (आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसुद्धा!) आणि ९४२ जातींचा ताळेबंद. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख झपाट्याने घटतोय, हे त्यातूनच पुढे आलं.

अशी नोंद ई-बर्डवर तुम्हीही करू शकता. ती करताना किती वेळ, किती अंतर चाललात ते लिहायचं आणि ओळखू आलेले सगळे पक्षी टाकायचे. नुसता दुर्मीळ पाहुणा मिरवून कावळा-साळुंकी गाळली, तर यादीचा उपयोग निम्मा. 'दिसला नाही' हीसुद्धा माहितीच असते ना! गच्चीवर उभं राहून पंधरा मिनिटं मोजलंत तरी चालतं. हातात चहा असला तरी हरकत नाही.