समुद्रकाठचा तळ : दोन रात्रींच्या सहलीची तयारी



ऊस कारखान्याला गेला, खोडव्याची भरणी उरकली, की बहुतेक गटांतून सहलीची भाषा सुरू होते. देवदर्शने झाली, धरणे पाहून झाली, आता समुद्र पाहू, अशी मागणी अलीकडे बरेच सभासद करतात. त्यातही तरुण मंडळींचा आग्रह असा, की लॉज-हॉटेल नको, आपला तळ आपण टाकू, आपलं आपण रांधून खाऊ. कल्पना चांगली आहे. परंतु शेतावरची वस्ती वेगळी आणि वाळूवरची वेगळी. म्हणून पालघर जिल्ह्यातील वसईजवळचे पाचूबंदर डोळ्यांसमोर ठेवून, तीस माणसांच्या दोन रात्रींच्या मुक्कामाचा हिशेब येथे मांडला आहे.

जागा कोणाची?

वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकला, हे आपण शाळेत शिकलो. त्या किल्ल्याच्या पलीकडे, वसईच्या खाडीच्या तोंडाशी पाचूबंदर हा कोळीवाडा आहे. २०२४ पासून भाईंदरहून वसईला वाहने घेऊन जाणारी रो-रो बोटही सुरू झाली.

येथील किनारा म्हणजे मोकळे माळरान नव्हे. तेथे होड्या ओढतात, जाळी पसरतात, बोंबील वाळवतात. आपलं जसं खळं, तशी त्यांची वाळू. कोणी परका येऊन आपल्या खळ्यात चूल मांडू लागला तर आपण काय म्हणू? तेव्हा आधी दोन माणसांनी जाऊन गावातील जाणत्या मंडळींशी व मच्छीमार सहकारी संस्थेशी बोलावे. तीही आपल्यासारखीच सहकारातली माणसे आहेत. महानगरपालिका व पोलीस ठाणे यांना लेखी कळवून परवानगी घ्यावी. वाळूवर जागा नाही म्हणाले तर हट्ट न धरता आसपासची एखादी खाजगी वाडी भाड्याने घ्यावी. किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, तेथे चूल अगर तंबू नको.

तिथी पाहून निघावे

आपण पेरणीला नक्षत्र पाहतो, समुद्राला तिथी पाहावी. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण अंदाज चुकत नाही. भरती दिवसातून दोनदा येते, आणि रोज साधारण पाऊण तास उशिरा.

पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी फार वर चढते. शिवाय तेव्हा भरती दुपारी बारा आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे माणसं झोपेत असताना. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तिचा जोर कमी, आणि ती संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. पाणी कुठवर चढले ते उजेडी डोळ्यांनी दिसते, मग निर्धास्त झोपता येते. म्हणून सहल अष्टमी धरून ठेवावी. तरीही वाळूवर सुकलेल्या कचऱ्याची जी सर्वांत वरची रेघ दिसेल, तिच्या चांगले वर बिऱ्हाड मांडावे. खाडीच्या तोंडाशी ओढ असते व चिखलही असतो. तेथे पोहायला कोणीही उतरू नये, विहिरीत पट्टीचा पोहणारा असला तरी.

पाणी

सगळ्यात मोठे सामान पाण्याचे. पिणे, रांधणे, धुणे मिळून माणशी दिवसाला पंधरा लिटर धरावे. तीस माणसे, दोन दिवस, नऊशे लिटर. शंभर लिटर हाताशी ठेवले की झाले एक हजार, म्हणजे दोनशे लिटरचे पाच ड्रम. वजन बरोबर एक टन. यापैकी पिण्याचे तीनशे लिटर झाकणाच्या स्वच्छ कॅनमध्ये वेगळे ठेवावे. औषधाचे अगर रसायनाचे जुने ड्रम कितीही धुतले तरी चालणार नाहीत.

ड्रम येथून रिकामे न्यावेत आणि वसईत पैसे देऊन टँकरने भरून घ्यावेत. टँकर आधी ठरवावा. गावाच्या नळावर हंडे लावू नयेत. किनाऱ्यावरच्या विहिरींना खारे पाणी लागते, गोड्या पाण्याची तेथे चैन नाही. स्वयंपूर्ण सहल म्हणतात ती हीच, की आपल्यामुळे गावाच्या बाईची एक खेपही वाढता कामा नये.

निवारा, चूल, उजेड

वाळूत साधा खुंटा धरत नाही, वारा सुटला की तंबू उडतो. त्यावर उपाय सोपा आहे. साखरेची रिकामी पोती वाळूने भरावी, दोर बांधून हातभर खोल पुरावी. जाड ताडपत्री, बांबू, नायलॉनचा दोर एवढ्यात तीस माणसांचा निवारा होतो. दुपारच्या उन्हासाठी एक मांडव निराळा हवा, कारण वाळू तापते.

स्वयंपाक गॅसवर करावा. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवा. जळणासाठी तिवराची फांदीही तोडू नये. तिवरे तोडणे गुन्हा आहे, आणि ती किनाऱ्याचा बांध आहेत. भाकरीचं पीठ, डाळ, चटणी घरून न्यावी. मासळी मात्र गावातल्या कोळणींकडून रोख घ्यावी. चार्जिंगच्या बॅटऱ्या, शिट्टी, लांब दोर आणि टायरची फुगवलेली ट्यूब जवळ ठेवावी.

औषधाच्या पेटीत मीठ-साखरेची पुडी, पट्ट्या, जंतुनाशक असावे. जेलीफिश लागला तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चोळू नये. माशाचा काटा रुतला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून दवाखाना गाठावा.

संडास

याविषयी बोलायला माणसं लाजतात आणि मग सहलीचा विचका होतो. वाळूत खड्डे घेऊ नयेत. पाणी वर असते, घाण विहिरीला नाहीतर भरतीला मिळते. तीस माणसांना निदान दोन आडोसे हवेत, त्यातला एक फक्त स्त्रियांचा, आत कडी व दिवा असलेला. खाली वीस लिटरची घट्ट झाकणाची बादली, वर बैठक. प्रत्येक वेळी वरून दोन ओंजळी कोरडा बगॅस टाकावा. वास राहत नाही, माश्या बसत नाहीत. अशा सहा बादल्या, बगॅसची तीन पोती, हात धुण्याला साबण व तोटीचा कॅन एवढे पुरे. परत आल्यावर हा माल वेगळ्या खड्ड्यात वर्षभर कुजवून मगच झाडांना घालावा. बाकीचा कचराही पोत्यात भरून परत आणावा.

हीच यादी शिवारात

आता एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या शिवारात दर हंगामाला एक तळ पडतोच. ऊसतोडीची टोळी ताडपत्री, भांडी, लेकरं घेऊन येते आणि दोन रात्री नव्हे, पाच-पाच महिने राहते. आपल्या दोन दिवसांच्या मौजेला माणशी पंधरा लिटर पाणी आणि कडी लावलेला आडोसा लागतो, तर त्या बाईला काय लागत असेल? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बाईमाणसाला पाणी व आडोसा नसला की दुखणी वाढतात, हे सांगायला डॉक्टर नको.

सहलीसाठी जे ड्रम, कॅन, बादल्या व आडोशाचे पत्रे घ्याल, ते परत आल्यावर अडगळीत टाकू नका. गटाच्या नावे एकत्र ठेवा. तोडणी सुरू झाली की तेच सामान टोळीच्या तळावर पोचवा. मोटर आपली, विहीर आपली, ड्रम भरून द्यायला अर्धा तास लागतो.

समुद्र जरूर पाहा. अष्टमी धरून जा, आणि बगॅसची पोती विसरू नका.

— ऊस विकास अधिकारी