मिरची गेली, ४ वर्षांची होती

तर मंडळी, मागचा एपिसोड आला नाही, कारण मिरची गेली. ऑस्टिनमधल्या माझ्या रूममेटने पाळलेली व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे मूळ येमेनकडची, रंग बदलणारी सरडी. तो अजून विचारतोय, "माझं काय चुकलं रे?"

खरं सांगू? या जातीचे नर ६-८ वर्षं जगतात, माद्या साधारण ५. नर नसला तरी मादी अंडी घालते, कधी कधी एकदम ५० च्या वर! अंगातलं कॅल्शियम त्यातच संपतं. खाणं जास्त, तर अंडीही जास्त. (रातकिडे आम्ही लाडाने जरा जास्तच द्यायचो, हे कबूल.)

मादागास्करचा लाबोर्ड शॅमेलिऑन तर अंड्यात ८-९ महिने काढतो आणि बाहेर जेमतेम ४-५.

तिच्या पिंजऱ्यातला दिवा टायमरवर आहे. सकाळी अजून आपोआप लागतो. टायमर काढायला दोघांचाही हात होत नाहीये.