एअरब्रश आणि अ‍ॅक्रिलिक रंग: प्लॅस्टिक प्रतिकृतींच्या रंगकामाचा मागोवा

पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे सुटे भाग जुळवून विमाने, रणगाडे आणि जहाजे यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याचा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, अमेरिका आणि जपानमध्ये फोफावला, तेव्हा त्यांच्यासाठी मुख्यतः एनॅमल, म्हणजे तेलाचा अंश असलेल्या राळेचे रंग वापरले जात. इंग्लंडमधील हल शहराच्या हम्ब्रोल कंपनीच्या लहानशा डब्यांतून मिळणारा असा रंग हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावत तासन्‌तास कडक होत राही. एअरब्रश, म्हणजे दाबाखालील हवेच्या झोताने रंगाचे सूक्ष्म थेंब फवारणारे हातात मावणारे उपकरण, वापरणाऱ्यांना हा संथपणा फार उपकारक ठरला, कारण नोझलच्या तोंडाशी सुईवर साचलेला रंग काम संपेपर्यंत ओलाच राहत असे. फवारणीच्या ज्या सवयी त्या काळात रुजल्या, त्या या संथ रंगाच्या सवयी होत्या, आणि पुढील अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी येथेच सापडते.

टर्पेंटाइनसारख्या द्रावकांचा वास टाळावा आणि उपकरण घरातल्या घरात धुता यावे, या अपेक्षेने पाण्यात मिसळणाऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगांकडे ओढा वाढला, तसे दोन अगदी भिन्न प्रकृतींचे रंग बाजारात शेजारी शेजारी आले. जपानमधील तामिया आणि गुंझे सांग्यो या कंपन्यांच्या रंगांत अ‍ॅक्रिलिक राळ अल्कोहोल आणि ग्लायकॉल इथर या द्रावकांत विरघळलेली असते, द्रावक उडून गेला की थर बनतो, आणि वाळलेला थर अल्कोहोल लागताच पुन्हा मऊ पडू शकतो. याउलट स्पेनमधील वाय्येहो कंपनीचे रंग इमल्शन प्रकारचे असतात, म्हणजे त्यांत राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि पाणी निघून गेल्यावर ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार करतात. ही कंपनी 1965 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे स्थापन झाली, प्रारंभी व्यंगचित्रपटांसाठी रंग बनवत असे आणि 1969 मध्ये स्पेनला स्थलांतरित झाली.

या दोन कुळांना एकच उपचार लागू करणे ही या क्षेत्रातील सर्वांत दीर्घायुषी चूक म्हणावी लागेल. तामियाचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा लॅकर थिनरने पातळ केला असता तो उत्तम पसरतो आणि लॅकर थिनरमुळे प्लॅस्टिकमध्ये किंचित रुततोही; तेच अल्कोहोल वाय्येहोच्या रंगात घातले की राळेचे कण एकत्र गोळा होऊन उपकरणाच्या कपातच चिकट गाठी बनतात. असा चोंदलेला एअरब्रश पाहून अनेकांनी दोष उपकरणाला दिला, नोझल बदलले, हवेचा दाब वाढवला. कपात काय मिसळले गेले याकडे लक्ष मात्र फार उशिरा वळले.

साधे पाणी हा सर्वांना सहज सुचणारा उपाय का फसतो, याचे उत्तर पृष्ठताणात, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाने आकुंचित राहण्याच्या प्रवृत्तीत, आहे. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा सुमारे 22 असतो, आणि पॉलिस्टायरीनवर द्रव नीट पसरण्यासाठी तो 33 च्या आसपास किंवा त्याहून कमी असावा लागतो. नुसत्या पाण्याने पातळ केलेला रंग म्हणूनच प्लॅस्टिकवर थेंबाथेंबांनी गोळा होतो, आणि साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा किंवा बोटांच्या तेलाचा अंश तेथे असेल तर त्या जागी गोल डाग उघडे पडतात. भांडी घासण्याच्या साबणाने भाग धुणे, त्यावर प्राइमरचा, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या अस्तराचा, थर देणे आणि पृष्ठताण कमी करणारे द्रव्य रंगात थोडे मिसळणे ही तीन कामे हळूहळू नित्याची झाली, ती या जाणिवेतून.

सर्वाधिक त्रास मात्र सुईच्या टोकाने दिला. नोझलमधून बाहेर पडणारी हवा टोकावरचा रंग क्षणोक्षणी वाळवत राहते, इमल्शनचे कण तेथे चिकटून कवच बनवतात, फवारा आधी अरुंद होतो, मग वाकडा जातो आणि अखेर कवचाचा तुकडा सुटून पंखावर ठिपका उमटतो. या प्रसंगी दाब वाढवणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असली तरी ती घातक होती, कारण जास्त हवा म्हणजे जास्त बाष्पीभवन. शिवाय थेंब पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच अर्धवट सुकून खरखरीत, वाळूकागदासारखा थर बसे. दाब प्रति चौरस इंच 15 ते 20 पौंडांच्या दरम्यान ठेवणे, उपकरण जवळ आणणे, 0.2 मिलिमीटरऐवजी 0.4 मिलिमीटरचे नोझल वापरणे, वाळणे लांबवणारे द्रव्य घालणे आणि मधूनमधून थिनरने भिजवलेल्या कापसाने सुईचे टोक पुसणे हा मार्ग अनुभवाने ठरत गेला. यातील वाळणे लांबवणाऱ्या द्रव्याबाबत संयम आवश्यक आहे, कारण ते जास्त झाले की थर कित्येक दिवस मऊ राहतो. रंग फार पातळ केला तर उलट दोष उद्भवतो, म्हणजे हवेच्या रेट्याने ओला रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूबाजूंना पळतो. पावसाळी दमट हवेत, उदाहरणार्थ कोकणपट्टीत, हवा दाबून पुरवणाऱ्या काँप्रेसरमध्ये साचलेले पाणी नळीतून थेट रंगात येते, म्हणून पाणी अडवणारा गाळणीचा भाग तेथे वगळता येत नाही.

चिकटपट्टी काढताना रंगही निघून येणे हा दुसरा जुना त्रासदायक दोष होय. इमल्शनचा थर स्पर्शाला कोरडा लागला तरी कण पूर्ण एकजीव व्हायला अवधी लागतो, आणि थंड खोलीत ते नीट एकजीव होतच नाहीत. घाईने लावलेली पट्टी हा अपुरा पापुद्रा उचलते. लॅकर प्रकारच्या प्राइमरवर हे प्रमाण घटते, तर पॉलियुरेथेनचे पाण्यावर आधारित प्राइमर घासताना रबरासारखे फाटतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

शेवटच्या थराबाबत एका घरगुती वस्तूने मोठी भूमिका बजावली. अमेरिकेत फ्यूचर आणि ब्रिटनमध्ये क्लिअर या नावांनी विकले जाणारे एस. सी. जॉन्सन कंपनीचे फरशीचे पॉलिश हे प्रत्यक्षात पारदर्शक अ‍ॅक्रिलिक असल्याचे छंदिष्टांनी हेरले, ते पातळ न करता फवारता येई आणि विमानाची काच त्यात बुडवली की झळाळून उठे. याचे खरे महत्त्व चिन्हांच्या, पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापांमुळे होते, कारण खरखरीत मॅट थरावर छाप बसवला तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात आणि गुळगुळीत चकचकीत थर ती हवा अडकूच देत नाही. पुढे या पॉलिशचे सूत्र आणि नाव बदलत गेले, ते मिळणे दुरापास्त झाले आणि त्याची जागा छंदासाठीच बनवलेल्या चकचकीत वार्निशांनी घेतली, जी पातळ करण्यापूर्वी ती द्रावकातली आहेत की इमल्शनमधली, हे पाहावे लागते.