दाण्यादाण्याचा हिशेब



अमेरिकेतील जॉन ब्रीन यांनी १९९९ साली इंटरनेटवर एक बटण ठेवले. ते दाबले की आपल्या खिशातला पैसा न जाता भुकेल्याच्या नावे थोडे धान्य जमा होई. पैसे देत जाहिरातदार. धान्य पोचवी संयुक्त राष्ट्रसंघाचा जागतिक अन्न कार्यक्रम. २००७ साली त्यांनीच ‘फ्री राइस’ काढले. इंग्रजी शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला की तांदळाचे १० दाणे जमा! २००९ साली हे काम त्यांनी अन्न कार्यक्रमाकडेच सोपविले.

आता हिशेब करू. हजार दाण्यांचे वजन साधारण २० ग्रॅम धरले, तर किलोला ५०,००० दाणे, म्हणजे ५,००० बरोबर उत्तरे. एकटा माणूस दमून जाईल. पुष्कळांचे हात लागले तरच पोती भरतात. आपल्या कारखान्याचे भागभांडवल असेच उभे राहिले ना?

मात्र फुकट काहीच नसते. बटण आपण दाबले तरी तांदळाची किंमत कुणीतरी मोजतोच. तेव्हा पोरांनी मोबाइलवर असले बटण दाखविले, तर आधी विचारा, पैसे कोण देतो, धान्य कोण पोचवतो? उसाच्या बिलातली कपात आपण जशी ओळीने तपासतो, तसेच हेही तपासा. खात्री पटली, की खुशाल दाबा.

– ऊस विकास अधिकारी